गणपतीपुळे ते मालवण: गर्दी नसलेल्या, समुद्र दिसणाऱ्या जागा हव्या आहेत

खारावारा: शनिवारी निघतोय, कृपया लवकर सांगा. सागरी मार्गानेच जायचंय. नेहमीची नावं नकोत. गेल्या खेपेला आरे-वारेच्या चढावर थांबायलाही जागा मिळाली नाही, समुद्राच्या आधी गाड्याच दिसल्या.

गुहागरकर_७: दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्या. अंजनवेलचं दीपगृह आणि गोपाळगड बघा. हेदवीची बामणघळ भरतीला बघण्यासारखी आहे, पण कडेला जाऊ नका. लाट केव्हा वर उसळेल सांगता येत नाही.

खारावारा: अहो, हे सगळं गणपतीपुळ्याच्या उत्तरेला आहे. आम्ही तिथून दक्षिणेकडे निघणार.

सडाफिरस्ता: किती दिवस? बरोबर कोण? चालायची तयारी आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार? तूर्तास माझं मत पूर्णगड. छोटासा किल्ला आहे, तासाभरात बघून होतो. समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर आलात की मुचकुंदी नदीचं मुख आणि पलीकडे गावखडीची सुरूची रांग दिसते. संध्याकाळी त्या दरवाजात बसलो होतो तेव्हा खाडीतून परतणाऱ्या एका होडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

मासळीबाजार: मालवणात तिसऱ्या (शिंपल्या) सोडू नका. आणि सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची आहे का, ते आधी विचारून घ्या.

खारावारा: जेवणाचं नंतर बघू. दोन दिवस आहेत. आई बरोबर आहे, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत.

सडाफिरस्ता: हे आधी सांगायला हवं होतं! मग पूर्णगड बाद. गाडी खाली गावात ठेवून चढावं लागतं.

आडिवऱ्याची_माहेरवाशीण: ताई/दादा, कशेळीची देवघळी बघा, समुद्रावरचा कडा आहे. गावच्या सूर्यमंदिरातली कनकादित्याची मूर्ती जिथे सापडली म्हणतात, ती गुहा त्या कड्याखालीच आहे. खाली पुळणीत उतरायची गरज नाही, वर सड्यावरूनच, म्हणजे कातळाच्या पठारावरूनच, सगळं दिसतं. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत पिवळं होतं आणि सहाच्या सुमारास सगळा कातळ तांबडा दिसतो. मला माहेरची आठवण आली की आधी हेच डोळ्यांसमोर येतं.

पायवाट: अशी नावं उघड लिहू नका, हात जोडून सांगतो. पाच वर्षांपूर्वी देवघळीला चिटपाखरू नसायचं. आता रविवारी तिथे चिप्सची पाकिटं उडतात.

आडिवऱ्याची_माहेरवाशीण: गावातल्या चार घरांना त्या येण्याजाण्यावर दोन पैसे मिळतात. नाव लपवून काय होणार? कचरा परत न्या म्हणून सांगा.

पायवाट: आणि सड्यावर गाडी घालू नका म्हणूनही सांगा. कशेळीच्याच सड्यावर सुमारे 18 मीटर लांबीचं हत्तीचं कातळशिल्प आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. चाकाखालचा कातळ कोरलेला आहे की नाही, हे स्टिअरिंगमागून दिसत नाही.

सडाफिरस्ता: हे मात्र शंभर टक्के खरं.

गुहागरकर_७: परतताना तरी दाभोळचं बघा.

देवगडी_हापूस: मॅप तुम्हाला हातखंबामार्गे महामार्गावर ढकलेल. एकदम मालवण टाकू नका. पावस, पूर्णगड, आडिवरे, नाटे, जैतापूर, पडेल, देवगड, कुणकेश्वर, आचरा असं एकेक गाव टाकत या. या टप्प्यात खाड्यांवर पूल आहेत, फेरीबोट लागत नाही. आईंसाठी देवगडच्या पवनचक्क्यांचं टेकाड उत्तम. गाडी वर जाते, खाली अख्खा किनारा दिसतो. कुणकेश्वरला देऊळच समुद्राला लागून आहे, फक्त सोमवार टाळा.

खारावारा: सोमवारीच तिथे पोचणार होतो, बरं झालं सांगितलंत. पवनचक्क्या नक्की. देवघळीचं एकच सांगा: डांबरी जिथे संपते तिथून कड्यापर्यंत चाल किती? आई आधाराने शंभर-दीडशे पावलं चालते. वडील गेल्यापासून तिने समुद्र पाहिलेला नाही, गाडीच्या काचेतून दाखवायचा नाहीये.

आडिवऱ्याची_माहेरवाशीण: चाल सपाट आहे, पण कातळ खडबडीत. पावलं मोजलेली नाहीत. भाऊ तिथेच राहतो, उद्या सकाळी त्याला मोजायला पाठवते आणि इथे लिहिते. घडीची खुर्ची मात्र गाडीत टाका.