मदत हवी आहे: पावसाळ्यात चिंगीची घरची बिस्किटं टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न सांगते, मग बाकीचं. आमच्या कुत्रीसाठी मी घरी बिस्किटं भाजते. मे महिन्यापर्यंत ती डब्यात दहा-बारा दिवस छान राहायची. जून लागल्यापासून तिसऱ्या दिवशी मऊ पडतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बुरशी धरतात. काही रसायन न घालता मुंबईच्या या हवेत ती टिकवायची कशी? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया मापासकट सांगा.

विकतची का आणत नाही, असं कुणी विचारण्याआधी तेही सांगते.

चिंगी देशी आहे. २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस आठवतो ना? लोकल बंद होत्या म्हणून परळहून शीवला चालत निघाले होते. गांधी मार्केटपाशी पाण्यात उभ्या असलेल्या एका हातगाडीवर, भाजीच्या रिकाम्या क्रेटमध्ये ही बसली होती, माझ्या दोन ओंजळींएवढी. ओढणीत गुंडाळून घरी आणली, ती आता आमच्या घरातली ज्येष्ठ मंडळी झाली आहे. तोंड पांढरं व्हायला लागलंय. वजन १४ किलो.

गेल्या वर्षी तिने पंजे चाटून चाटून लालबुंद केले, कानही सतत खाजवायची. डॉक्टरांनी आठ आठवडे फक्त काटे काढलेला उकडलेला बांगडा आणि भात सांगितला, बाकी पोळीचा तुकडासुद्धा नाही. घरातल्या सगळ्यांनी ते पाळलं आणि खाज थांबली. मग एकेक पदार्थ परत देऊन पाहिला. गहू चालला, दाणे चालले. चिकन दिलं आणि चौथ्या दिवशी पंजे पुन्हा लाल. अंडंही तूर्त बंदच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून दुकानात पाकिटं उलटी करून वाचते. बहुतेकांत चिकन असतंच, निदान चिकनची चरबी तरी असते. एका पाकिटावर पुढे भोपळा आणि गाजराचं मोठं चित्र होतं. मी विश्वासाने आणलं. चार दिवसांनी कान सुजल्यावर भिंग घेऊन मागची बाजू वाचली, तर शेवटून तिसऱ्या ओळीत चिकन. त्यानंतर तीन आठवडे तिच्या कानात थेंब घालत होते आणि ती बिचारी प्रत्येक वेळी कपाटामागे जाऊन बसायची. त्या दिवशी ठरवलं, आता जे द्यायचं ते माझ्या हातचं.

माझं माप असं: कणीक २५० ग्रॅम, भाजलेल्या दाण्यांचं कूट ५० ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा १५० ग्रॅम, लागलंच तर चमचाभर पाणी. मीठ, साखर, गूळ, तूप, सोडा काही नाही. भोपळ्याच्या ओलाव्यावरच पीठ मळलं जातं, अंड्याची गरज पडत नाही. एक सेंटीमीटर जाड लाटायचं, क्रॉफर्ड मार्केटातून आणलेल्या हाडाच्या आकाराच्या साच्याने कापायचं आणि ओटीजीत १८० अंशांवर २० मिनिटं. एका घाण्यात २४ बिस्किटं होतात.

यात एक चूक मला उशिरा समजली. डॉक्टरांच्या हिशेबाने चिंगीला दिवसाला साधारण ७५० कॅलरी पुरतात आणि खाऊ त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे ७५ च्या आत हवा. कणीक आणि दाणे धरून माझ्या पूर्ण घाण्यात साधारण १,१५० ते १,२०० कॅलरी होतात. म्हणजे एका बिस्किटाला जवळजवळ ५०, आणि मी तर सकाळ-संध्याकाळ एकेक देत होते.

घरात सगळ्यांनाच तिचं कौतुक, त्यामुळे पिठावर लक्ष ठेवावं लागतं. गेल्या महिन्यात मी आंघोळीला गेले तेवढ्यात सासूबाई खवणी घेऊन पिठावर जायफळ किसायला बसल्या होत्या. शंकरपाळ्यांत घालतात तसं, वासाला. जायफळ कुत्र्यांना बाधतं हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. तो गोळा टाकून दिला आणि दोघींनी मिळून फ्रीजवर कागद चिकटवला: जायफळ, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण, साखरेऐवजी वापरतात ती झायलिटॉलची गोडी, यातलं काही नाही. आता त्या स्वतः तो कागद आलेल्या पाहुण्यांना वाचून दाखवतात.

आता बुरशीचं. परवाच्या रविवारी सकाळी तिला नेहमीसारखं बिस्किट दिलं. दुपारी दुसरं काढलं, हाताला दमट लागलं म्हणून मोडलं. ते मोडलं नाही, वाकलं. आतला भाग अजून पिठूळ आणि मधोमध हिरवट-पांढरी लव. वरून काहीही दिसत नव्हतं. सकाळचंही त्याच डब्यातलं. संध्याकाळपर्यंत तिला दोन उलट्या झाल्या. डॉक्टरांकडे नेलं, अंग थरथरतंय का, चालताना तोल जातोय का यावर लक्ष ठेवायला सांगितलं. रात्रभर तिच्याजवळ जमिनीवरच झोपले. ती बरी आहे. पण माझ्या हातचं खाऊन तिला त्रास झाला हे मनातून जात नाही, आणि उपाय सापडेपर्यंत ओटीजी लावायची हिंमत होत नाही.

आणखी दोन शंका. मऊ पडलेली पण बुरशी न दिसणारी बिस्किटं पुन्हा भाजून द्यावीत का? आणि वासासाठी सुक्या बोंबलांची पूड घातली तर चालेल का? बांगडा तिला मानवलाय, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, एक सेंटीमीटर जाडी वाचली आणि तिथेच थांबले. मी घरून नानकटाई आणि टोस्ट करून देते, त्या अनुभवावरून लिहिते.

१८० अंशांवर पाठ लवकर रंगते आणि आत भोपळ्याचं पाणी तसंच राहतं. उन्हाळ्यात निभावलं, पावसाळ्यात नाही निभावणार. बेकरीतला चहाबरोबरचा टोस्ट आठवा. तो पाव आधी भाजतात, मग कापून मंद आचेवर परत वाळवतात, म्हणून तो आठवडेच्या आठवडे राहतो. तुमच्या बिस्किटांना तेच करायचं.

भोपळा उकडू नका. किसून कोरड्या कढईत मंद आचेवर परता, पाणी आटून गोळा सुटेपर्यंत. तो जवळपास निम्मा होतो. मग पीठ मळायला थोडं जास्त पाणी लागेल, लागू दे, ते पातळ तुकड्यातून सहज निघून जातं. पोळी अर्ध्या सेंटीमीटरहून पातळ लाटा. हाडाचा साचा बाजूला ठेवा आणि कातण फिरवून शंकरपाळ्यांएवढे तुकडे करा. कडा-कोपरे वाया जात नाहीत आणि एका घाण्यात १२० तुकडे आरामात होतील. तुमच्याच हिशेबाने तुकड्याला १० कॅलरी. दिवसाला सात दिले तरी तुम्ही ७५ च्या आत.

१६० अंशांवर २५ मिनिटं भाजा. मग सगळे उलटा, १०० अंशांवर आणा आणि एक तास ठेवा. दर वीस मिनिटांनी दार उघडून वाफ बाहेर सोडायची, हे विसरू नका, नाहीतर ती वाफ परत त्यांच्यावरच बसते. नंतर ओटीजी बंद करून सकाळपर्यंत आतच राहू द्या.

वाळलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. वजनकाट्यावर ट्रेमधले दहा तुकडे तोला, वीस मिनिटं परत आत ठेवा, पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही. आणि एक मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा चार-चार दिवसांचे छोटे डबे करा. एक बाहेर, बाकीचे फ्रीझरमध्ये.

प्रतिसाद २

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, म्हणून पहिल्या शंकेवर लिहिते. पुन्हा भाजू नका, ताई. भट्टीत बुरशी मरते, पण तिने सोडलेलं विष उष्णतेने पुरतं जात नाही. एका बिस्किटात दिसली तर अख्खा डबा टाका, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या तोंडाला लागणार नाही असा बांधून टाका. डॉक्टरांनी थरथर बघायला सांगितली ती याच कारणाने. काही बुरशींचं विष मज्जासंस्थेवर जातं.

तोच विचार दाण्यांच्या बाबतीत करा. पावसाळ्यात पोत्यातले दाणे दमट होतात आणि त्यांवर धरणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन कुत्र्यांच्या यकृताला फार वाईट. ताज्या पाकिटातले घ्या, सुरकुतलेले, काळपट, कडू असे निवडून काढा आणि लागतील तेवढेच भाजून कूट करा. कुटाचा जुना डबा वापरू नका.

फ्रीजवरच्या कागदावर चिंचही लिहा. द्राक्षं-मनुकांनी मूत्रपिंडं बिघडतात त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं आता तज्ज्ञ मानतात, आणि आपल्या चिंचेत ते भरपूर असतं. आमटीतली पोळी प्रेमाने भरवणारी माणसं घरोघरी आहेत.

डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायचा मोह होईल. तिच्या डब्यात नकोच. खाऊबरोबर पुडी गिळली तर आतड्यात अडकू शकते.

आणि ताई, तुम्ही बिस्किट मोडून पाहिलंत म्हणून दुसरं तिच्या पोटात गेलं नाही. मनाला लावून घेऊ नका.

प्रतिसाद ३

वेसाव्याची आहे, म्हणून बोंबलांवर बोलते. आमच्याकडे बोंबील मीठ न लावता उन्हात टांगून वाळवतात, ते चालतील. खारवलेला बांगडा किंवा सुरमई अजिबात नको, मीठ फार असतं. घेताना कोळणीला स्पष्ट विचारा, "मिठाचे की बिनमिठाचे?" ती खरं सांगेल. पण आत्ता घेऊ नका. पावसात सुकी मासळीसुद्धा नरम पडते, आणि हे बोंबील उन्हाळ्यातले असल्याने आधीच हवा खाल्लेले असतात. घरात जुने असतील तर तव्यावर कडक भाजून, वास घेऊन मगच. पाव किलो कणकेला एक चमचा पूड पुष्कळ होते. डॉक्टरांना विचारून घ्या, कारण बांगडा मानवला म्हणजे बोंबीलही मानवेल असं नाही.

धागाकर्ती

तिघींचेही मनापासून आभार. उशीर झाला, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

जुना डबा दोन पिशव्यांत बांधून टाकला. डी-मार्टच्या पिशवीत गेल्या वर्षीचे दाणे होते, त्यांतले सात-आठ फोडले तर दोन आतून काळे निघाले. तेही टाकले. नवीन आणून, निवडून, भाजून कूट केलं. भोपळा परतायला अर्धा तास गेला, १५० ग्रॅमचा ७० ग्रॅम झाला. कातण सासूबाईंनी फिरवलं, त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार. ११८ तुकडे झाले. दहा तुकड्यांचं वजन पहिल्या भाजणीनंतर ३१ ग्रॅम होतं, तासाभराने २६, आणखी वीस मिनिटांनीही २६. तिथे थांबले.

पहिल्या दिवशी मुद्दाम एक तुकडा बशीत उघडा ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चामड्यासारखा झाला होता. डब्यातले मात्र कडकच. आज नववा दिवस. रोज सकाळी देण्याआधी एक मधोमध मोडते, टक्कन आवाज येतो, आतला रंग उजेडात बघते. चिंगीला या आवाजाचा अर्थ कळलाय, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते.

पंजे साफ आहेत. बोंबलांचं डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दोन आठवडे थांबा आणि मग एकटाच देऊन बघा. गणपतीनंतर बघेन.

एक छोटी शंका राहिली. फ्रीझरमधला डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडावा की घरच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावा? काल लगेच उघडला तर वरच्या तुकड्यांवर दव धरल्यासारखं झालं. ते परत दहा मिनिटं ओटीजीत ठेवले.

प्रतिसाद १

बंदच ठेवायचा, ताई. रात्री काढून ओट्यावर ठेवा, सकाळी उघडा. दव मग डब्याच्या बाहेरच्या अंगाला धरतं, ते पुसून टाका.