तुर्की भाषेतील 'ओल्माक' : अर्थ आणि मूळ

प्रश्न
तुर्की शिकताना 'ओल्माक' हे क्रियापद पदोपदी भेटते. कोशात त्याचा पहिला अर्थ 'होणे' असा आहे. पण 'एल्मालार ओल्दू' म्हणजे सफरचंदे पिकली आणि 'जेकेत बाना ओल्मादी' म्हणजे जॅकेट मला बसले नाही, हे अर्थ त्यात कसे सामावतात? शिवाय त्याचे जुने रूप 'बोल-' होते असे वाचले. संस्कृत 'भू' (होणे, असणे) धातूशी त्याचे काही नाते आहे का?

प्रतिसाद १
मराठीच्या अंगाने पाहिले तर यातले फारसे काही परके वाटणार नाही. 'सदरा मला होत नाही', 'स्वयंपाक झाला', 'तिला मुलगी झाली' असे आपणही म्हणतो, आणि तुर्कीत 'किझी ओल्दू' म्हणजे मुलगी झाली असेच. 'ने ओल्दू?' म्हणजे 'काय झाले?'. संमती देताना मात्र तुर्की माणूस 'ओलुर' म्हणतो, तिथे आपण 'चालेल' म्हणतो.

खरी काळजी 'असणे' या अर्थाबाबत घ्यावी लागते, कारण त्यासाठी तुर्कीत वेगळे क्रियापद असून ते आज बहुधा प्रत्ययरूपानेच उरले आहे. 'दोक्तोर्दुम' म्हणजे मी डॉक्टर होतो, तर 'दोक्तोर ओल्दुम' म्हणजे मी डॉक्टर झालो. त्या क्रियापदाला भविष्यकाळच नसल्यामुळे 'ओलाजाक' हे एकच रूप 'असेल' आणि 'होईल' या दोन्हींचे काम करते, आणि नेमका अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो.

प्रतिसाद २
'भू'शी नाते नाही. तुर्की भाषाकुल इंडो-युरोपीय कुलाहून वेगळे आहे आणि हे साम्य केवळ ध्वनीचे आहे. 'बोल-' हे रूप मंगोलियातील ओर्खोन खोऱ्यातल्या आठव्या शतकातील शिलालेखांत स्पष्ट दिसते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म थॉमसन यांनी 1893 मध्ये त्या शिलालेखांची लिपी उलगडली. 732 मधील क्युल तिगिन या तुर्क राजपुत्राच्या स्मारकलेखात, सरदारांची मुले चिनी लोकांची गुलाम झाली हे सांगताना 'कुल बोल्ती' असे शब्द येतात. कझाक आणि उझबेक भाषांनी हा 'ब' टिकवला. तुर्की ज्या ओघुझ शाखेत मोडते, त्या शाखेने तो गमावला.

प्रतिसाद ३
एक दुरुस्ती सुचवतो. तुर्कमेन भाषाही ओघुझ शाखेतलीच आहे, तरी तिच्यात आजही 'बोल्माक' म्हणतात. 'ब' गळाला तो तुर्की आणि अझरबैजानीत. त्याच 'ब'चा 'बेर-' (देणे) या धातूत मात्र 'व' झाला, म्हणून आजचे तुर्की रूप 'वेर्मेक' आहे.

सफरचंदांविषयी सांगायचे तर, 'ओल्माक'मध्ये पूर्णत्वाला पोहोचण्याची छटा आहे. त्याच धातूपासून बनलेला 'ओल्गुन' हा शब्द पिकलेल्या फळालाही लावतात आणि परिपक्व माणसालाही.