इंग्रजी क्रियापदांच्या जोड्या : तुम्हाला त्या कशा उमगल्या?

पारिजातक : भाचीच्या दहावीच्या सरावात 'राइज' आणि 'रेज' ही जोडी आली आणि आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई फार आठवल्या. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. आमच्या वेळी ते पाचवीत सुरू होई, त्यामुळे तोवर मराठी व्याकरण बऱ्यापैकी अंगवळणी पडलेले असे, आणि बाईंनी नेमका त्याचाच आधार घेतला. बसणे-बसवणे, पडणे-पाडणे अशा जोड्या फळ्यावर लिहून त्यांखाली त्यांनी 'सिट-सेट', 'फॉल-फेल' (झाड तोडून पाडणे या अर्थाचे 'फेल') मांडले. पहिले क्रियापद आपोआप किंवा स्वतः करण्याच्या क्रियेचे, दुसरे ती घडवून आणण्याचे. सूर्य 'राइज' होतो, हात आपण 'रेज' करतो. मराठी माध्यमातल्या मुलांना याच वाटेने शिकवावे, असे मला मनापासून वाटते. आपलेही अनुभव लिहावेत.

माळरान : 'लाय' आणि 'ले' राहिलेच की! आडवे होणे म्हणजे 'लाय', आडवे ठेवणे म्हणजे 'ले', इथवर मुले बिनचूक येतात. अडते ते भूतकाळात, कारण 'लाय'चा भूतकाळ 'ले' आणि 'ले'चा 'लेड'. खोटे बोलण्याचा 'लाय' आणखी निराळा, त्याचा भूतकाळ 'लाइड'. शिकवणीत मी नियम सांगत बसत नाही, 'काल' घालून वाक्ये म्हणवून घेतो.

दूरदेशी : मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसेही इथे रुग्णाला सर्रास 'ले डाउन' म्हणतात, हे मुलांना अवश्य सांगा, त्यांना धीर येईल. परीक्षेत मात्र 'लाय डाउन'च लिहावे.

कृष्णाकाठ : बँकेत 'लेंड' आणि 'बॉरो' यांची अदलाबदल रोज दिसते. आपल्याकडे 'उसने' हा शब्द एकच, त्याला देणे किंवा घेणे जोडले की काम भागते; इंग्रजीत दोन्हींना स्वतंत्र क्रियापदे आहेत. बँक 'लेंड' करते, कर्जदार 'बॉरो' करतो, एवढे एकदा डोक्यात बसले की पुढे घोटाळा होत नाही.

शेवंती : भात लावून आले, म्हणून थोडक्यात लिहिते. ऑनलाइन वर्गात मुले 'आय कॅन नॉट लिसन यू' म्हणत, तेव्हा मी त्यांना मराठीत विचारायची, "ऐकू येत नाही, की ऐकत नाहीस?" ऐकू येणे म्हणजे 'हिअर', लक्ष देऊन ऐकणे म्हणजे 'लिसन'. दिसणे आणि पाहणे यांवरून 'सी' आणि 'लुक' त्यांनी स्वतःच ओळखले.

कृष्णाकाठ : शेवंतीताई, हा प्रश्न आमच्या घरीही रोज विचारावा लागतो!

माळरान : 'से' आणि 'टेल' यांनाही हीच युक्ती लागू पडते का?

पारिजातक : बऱ्याच अंशी पडते. 'म्हणाला' एवढ्यावर वाक्य पुढे जाते, पण 'सांगितले' म्हटले की कोणाला, हे मनात येतेच. 'टेल'च्या मागोमागही बहुधा ऐकणारा येतो, म्हणून 'ही टोल्ड मी', पण 'ही सेड टू मी'.