खऱ्या जुळ्या घेतल्या म्हणजे पळवाट?

रीळवेडा:
परवाच्या पोस्टमध्ये १९५०चा जर्मन सिनेमा ‘दास डोपेल्टे लोट्शेन’ (एरिख केस्टनरच्या मुलांच्या पुस्तकावरचा, आईबापांच्या घटस्फोटाने ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणींचा) एका वाक्यात निकालात काढलाय: खऱ्या जुळ्या घेतल्या, त्यात कसब कसलं? त्याच कथेवरच्या डिस्नेच्या १९६१च्या ‘द पॅरेंट ट्रॅप’मध्ये हेली मिल्सने एकटीने दोघी केल्या, ती कला! साफ चूक. म्युनिकची शिस्तीची लोटे आणि व्हिएन्नाची दांडगट लुइझे घरं बदलतात, ती गंमत दोघींच्या जवळिकीवर उभी आहे. त्या साकारणाऱ्या खऱ्या जुळ्या युटा आणि इसा ग्युंटर एकाच फ्रेममध्ये बिनधास्त वावरतात. १९५१च्या पहिल्या जर्मन चित्रपट पुरस्कारांत चित्रपट, दिग्दर्शन आणि केस्टनरची पटकथा, तिन्ही मान याच सिनेमाला मिळाले.

मॅटबॉक्स:
पुरस्कारांनी कसब सिद्ध होत नाही. डबल रोल काढून बघा. कॅमेरा जखडायचा, काळ्या मॅटने, म्हणजे झाकणीने, अर्धी फ्रेम झाकायची, शॉट घ्यायचा, फिल्म त्याच फ्रेमपर्यंत मागे न्यायची, मॅट उलट बाजूला लावून पुन्हा शॉट. मध्ये दिव्यांचं व्होल्टेज पडलं की दोन अर्ध्यांचा उजेड वेगळा. फिल्म गेटमध्ये (कॅमेऱ्यातल्या तिच्या खाचेत) जरा हलली की सांधा थरथरतो. म्हणून तो दाराच्या चौकटीवर नाहीतर कपाटाच्या कडेवर लपवतात. नजरेसाठी समोरचीच्या डोळ्यांच्या उंचीवर खूण लागते, नाहीतर बहीण बहिणीच्या कानाशी बोलते!

रीळवेडा:
हेच तर म्हणतोय! सांध्यापलीकडे हात गेला की कापला जातो. मग मिठी कशी मारणार?

पिवळादिवा:
डिस्नेकडे निव्वळ मॅट नव्हती. नटीमागे सोडियमच्या पिवळ्या उजेडातला पडदा, कॅमेऱ्यात तो उजेड वेगळा काढणारं प्रिझम, दोन फिल्म. एकीवर नटीचं चित्र, दुसरीवर आपोआप मॅट तयार. शिवाय पाठमोऱ्या शॉट्सना हेलीच्या जागी सुझन हेनिंग होती. अर्धवट माहितीवर वाद नको.

कळी:
आपल्याकडचं कोणी बोलेल का? याच कथेवरून १९६५ला तमिळ ‘कुळंदैयुम दैवमुम’ आणि १९६८ला हिंदी ‘दो कलियाँ’ आला. ‘दो कलियाँ’त लहानग्या नीतू सिंगने दोघी केल्या, तिचं नावही नाही इथे!

स्पष्टबोल:
तंत्र पुरे. आईबाप शेवटी एकत्र येतात, हा खोटा दिलासा आहे. घटस्फोट मुलांनी मिटवायचा नसतो.

रीळवेडा:
केस्टनरने घटस्फोट लपवला नाही, हे मोठं. मुलांच्या पुस्तकात हा विषय कशाला म्हणणाऱ्यांना त्याने पुस्तकातच बालनटी शर्ली टेंपलचं उदाहरण दिलं: स्वतःचेच सिनेमे बघायला तिला थिएटरात सोडत नसत. शेवट गोड आहे, मान्य. पण त्याआधी लोटे तापाने फणफणते, ते विसरू नका.

मॅटबॉक्स:
मिठीचा मुद्दा दिला तुम्हाला. पण दोन स्वभाव वेगळे उभे करण्यात हेलीच सरस. ग्युंटर बहिणींत वेणी सुटली की कोण कोणती ते कळत नाही.

रीळवेडा:
आईलाही कळत नाही. कथाच ती आहे.