गाडीत टेम्परेचरचा काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा. चोर्ला घाटासाठी वेगळा मीटर बसवावा का?

खानापूर_स्टँड

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. डॅशवर टेम्परेचरचा काटा नाही. सकाळी चालू केली की निळा (इंजिन थंड असल्याचा) दिवा लागतो, दोन-तीन मिनिटांत विझतो. लाल (जास्त तापल्याचा) दिवा चावी देताना क्षणभर दिसतो तेवढाच. महिन्यातून दोनदा जांबोटी-कणकुंबीवरून गोव्याला फेरी असते. जाताना उतारच, पण येताना केरीपासून चोर्ल्यापर्यंत चढ, त्यात चार माणसं आणि एसी. जुन्या गाडीत काटा वर सरकला की एसी बंद करता यायचा, आता काहीच कळत नाही. शोरूममध्ये सांगतात, नव्या गाडीला काटा लागतच नाही. हे कितपत खरं? आणि रेडिएटरचा होज (रबरी पाइप) कापून मीटर बसवून देतात तो चालेल का?

उद्यमबाग_फिटर

शोरूमवाले अर्धं खरं सांगतात. काटा असता तरी तुम्हाला वाटतं तेवढं त्यातून कळलं नसतं. जुन्या गाडीत सेंडरची (पाण्याचं तापमान मोजणाऱ्या भागाची) वायर थेट काट्याला जायची, पाणी पाच अंश चढलं की काटा हलायचा. आता सेन्सर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) आकडा देतो आणि काट्याला काय दाखवायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. बहुतेक गाड्यांत साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत काटा मधोमध ठेवलेला असतो. म्हणजे ८० लाही मध्ये आणि १०३ लाही मध्ये. त्यानंतर हलायला लागला की भराभर लालाकडे.

हे लबाडीसाठी केलेलं नाही. पाण्याचं तापमान दिवसभर वरखाली होतच असतं. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) ८२ ते ८८ च्या दरम्यान उघडायला लागतो, फॅन ९५-१०० ला चालू होतो, ट्रॅफिकमध्ये आकडा १०२ पर्यंत जाऊन परत उतरतो. काही नव्या इंजिनांत तर कमी लोडवर ईसीयू मुद्दाम १०५ पर्यंत चढू देते, तेवढंच मायलेज जास्त, आणि चढ लागला की ९० च्या आसपास आणते. हे सगळं काट्यावर दिसलं तर लोक रोज गाडी घेऊन वर्कशॉपात येतील.

त्यामुळे काटा नाही याचं दुःख करू नका. खरा आकडा गाडीतच आहे, तो वाचा. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी (गाडीचे आकडे आणि बिघाड वाचायचं) सॉकेट असतं. त्यात ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ डोंगल लावायचा आणि मोबाईलवर ॲप टाकून ‘कूलंट टेम्परेचर’ (कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी) निवडायचं. आयफोन असेल तर घेण्याआधी विचारा, साधा ब्लूटूथ डोंगल त्याला जोडला जात नाही. ॲपमध्ये अलार्म १०६ ला लावा. आधी आठवडाभर आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा बघून ठेवा: सपाट रस्त्यावर किती, उभ्या गाडीत फॅन किती अंशाला लागतो आणि किती अंशाला बंद होतो. हे तीन आकडे माहीत असले की घाटात गोंधळ होत नाही. घाटात १०८ च्या वर गेला तर एसी बंद, ११२ च्या वर गेला तर कडेला.

होज कापून बसवायचा मीटर मी तरी सांगणार नाही. वरच्या होजमध्ये ॲल्युमिनियमचा टी (टीच्या आकाराचा जोड) बसवतात, म्हणजे दोन जास्तीचे क्लँप, दोन जास्तीच्या गळतीच्या जागा. टी दोन्ही बाजूंनी रबरात असतो, त्याला वेगळी अर्थ वायर दिली नाही तर एका वायरचा सेंडर चुकीचंच दाखवतो, आणि ही वायर बसवणारे हमखास विसरतात. मुख्य म्हणजे, वरच्या होजच्या तोंडाला थर्मोस्टॅट असलेल्या इंजिनात तो बंद अवस्थेत अडकला तर गरम पाणी त्या होजमध्ये येतच नाही. आत इंजिन भाजतंय आणि मीटर म्हणतोय ६०.

तवंदीचा_चढ

फिटरदादांचं बरंचसं पटतं, पण लाल दिव्यावर कुणी विसंबू नये. तो बऱ्याच गाड्यांत ११५ ते १२० ला लागतो. ॲल्युमिनियमच्या हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तिथून पुढं फार सवड नसते. हेडचा पृष्ठभाग ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकला की बहुतेक इंजिनांत गॅस्केट धरत नाही. मग फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, नवे हेड बोल्ट.

आणि डोंगलच्या बाबतीतही एक गोष्ट राहिली. सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो, इंजिनाचं नाही. होज फुटला आणि पाणी भसकन निघून गेलं तर सेन्सर हवेत लटकतो. मग आकडा स्थिर राहतो, कधी कधी खालीसुद्धा येतो, आणि माणूस निर्धास्त चालवत राहतो. काटा, दिवा, ॲप, तिघंही एकाच सेन्सरवर जगतात. म्हणून घाटाची गाडी असेल तर धातूवर, म्हणजे हेडच्या एखाद्या बोल्टखाली वायसरसारखा बसणारा सेन्सर आणि आत बझर, असा अलार्म घ्या. तो धातूचं तापमान मोजतो, पाणी असो नसो. हेड बोल्टला मात्र हात लावायचा नाही हं, त्याचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) बिघडेल. हेडवरचा ब्रॅकेटचा किंवा लिफ्टिंग हुकचा बोल्ट बघायचा. नेहमीच्या चालीत तो जे दाखवेल त्याच्यापेक्षा १०-१५ अंश वर बझर लावला की झालं.

निपाणी_गॅसकिट

सीएनजी आहे म्हणताय, तर तुमच्याकडं एक फुकटचा मीटर आधीच हाय, बघा की. गॅसचा रिड्यूसर गरम ठेवायला हीटरच्या लाइनीतून पाणी घेतलेलं असतं. गॅसचं प्रेशर उतरताना तो गार पडतो, पाण्यानंच त्याला ऊब मिळते. रिड्यूसर बहुधा उंचावर बसवलेला असतो, त्यामुळं कूलंट कमी झालं की हवा पहिल्यांदा तिथं भरते. मग रिड्यूसर बाहेरून थंड लागतो, कधी त्यावर दहिवरासारखं पांढरं धरतं, गाडी चढाला झटके मारते, आपोआप पेट्रोलवर जाते. लोक गॅस फिल्टर बदलत बसतात. आधी कूलंटची बाटली बघावी.

किट बसवताना घातलेले टी आणि पातळ होज हीच गळतीची जागा. पाणी थेंबथेंब गळून तिथंच वाळतं, खाली काही दिसत नाही, फक्त सांध्यापाशी हिरवा किंवा गुलाबी थर जमतो. टॉर्च मारून बघा.

आणि बोअरचं पाणी घालू नका ओ. आपल्याकडं बऱ्याच बोअरच्या पाण्यानं तव्यावर पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. रेडी मिक्स असेल तर त्यात काहीच घालायचं नाही. रंगावरून जात ओळखायला जाऊ नका, रंगाला नियम नाही.

कणकुंबी_नाका

कॅप कुणी काढलीच नाही चर्चेत. रेडिएटरची किंवा बाटलीची कॅप ही झाकण नव्हे, व्हॉल्व्ह आहे. १.१ बार लिहिलेली कॅप तेवढा दाब धरते, म्हणून निम्म्या-निम्म्या मिश्रणाला सव्वाशे अंशांच्या पुढेपर्यंत उकळी फुटत नाही. तिचं रबर कडक झालं, चिरलं, की दाब गेला. बेळगाव साडेसातशे मीटरवर, इथं उघड्या भांड्यात साधं पाणी ९७-९८ लाच उकळतं. चोर्ल्याच्या माथ्यावर त्याहून थोडं आधीच. म्हणजे नुसतं पाणी भरलेली, कॅप गेलेली गाडी १०० च्या आतच बाटली उकळायला लागते आणि लाल दिव्याला पत्ताही नसतो.

रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर असतो, त्या दोघांमधली फट बघा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून फिरलेल्या गाडीत पाल्याची कुसळं आणि लाल माती तिथं नमद्यासारखी बसते. पाणी साध्या पाइपनं इंजिनाकडून बाहेरच्या दिशेनं मारायचं. प्रेशर वॉशरनं पत्र्या आडव्या होतात.

मच्छे_वायरमन

लाल दिवा लागलाच तर: एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. गरम वारा आला तर पाणी फिरतंय, हळू हळू सुरक्षित जागा गाठा, उभं राहून दोन मिनिटं आयडलला फॅन फिरू द्या. हीटरमधून थंड वारा आला किंवा बॉनेटमधून वाफ निघाली तर पाणी नाही, तिथंच चावी बंद. कॅपला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. आणि घाटाचा माथा गाठला की लगेच गाडी बंद करायची सवयही सोडा: पंप थांबला की हेडमधली उष्णता त्याच पाण्यात साठते, बंद केल्यावर आकडा आणखी चढतो.

खानापूर_स्टँड

सगळ्यांचे आभार. डोंगल लावला. बाटली पातळीवर आहे, सांधे कोरडे. पण आकडे उलटेच निघाले: गावात उभी असताना ९६-९७ ला फॅन लागतो, बरोबर. हायवेला ८० च्या वेगानं मात्र ७०-७२ वर येऊन बसतो. घाटात ८८. थंड राहतेय म्हणजे चांगलंच ना?

उद्यमबाग_फिटर

चांगलं नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. वारा लागला की रेडिएटर पाणी गरजेपेक्षा जास्त गार करतो, त्याला अडवणारं कोणी नाही. तुमचा निळा दिवा ५०-६० च्या आसपास विझतो, त्यामुळं त्याला हे कधी दिसणारच नव्हतं. इंजिन थंड समजून ईसीयू पेट्रोल जास्त सोडते, ऑइलमधली ओल जात नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलईसारखं दिसेल. गॅसवर जायलाही सकाळी वेळ लागत असेल. डोंगलवर पी ०१२८ (पाणी पुरेसं तापत नाही) हा कोड आलाय का बघा. नसला तरी फरक नाही, तो यायला बरेच दिवस लागतात.

थर्मोस्टॅट आणि त्याची रबर रिंग, दोन्ही नवी घ्या. काही गाड्यांत हाऊसिंगसकट प्लास्टिकचा एकच भाग येतो, त्याचे बोल्ट जपून आवळा. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढाला, हीटर गरमवर, बाटली उघडी, आयडलला. वरचा होज गरम होऊन फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत पातळी राखत राहायचं. रिड्यूसरचे दोन्ही होज हातानं दाबून बघा, दोन्ही सारखे गरम लागले की हवा निघाली.

मच्छे_वायरमन

बसवण्याआधी नवाही तपासा, नवे खराब निघतात. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगून, तळाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. ८२ कोरलेला असेल तर तिथं फट पडायला लागेल आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडेल. ९२ चा असेल तर आपल्याकडं पातेल्यात तो अर्धवटच उघडलेला दिसणार, कारण पूर्ण उघडायला १०५ लागतात आणि पाणी ९८ च्या आधीच उकळतं. तो खराब समजून दुकानदाराशी भांडू नका. गॅस बंद करून गार होऊ द्या. घट्ट मिटला की चांगला.