परदेशस्थ चिनी शाळांमध्ये सरकारे कधी आणि का शिरली?

दर्यावर्दी:
मलेशियात चिनी माध्यमाच्या सुमारे ६० खासगी माध्यमिक शाळा आजही चालतात आणि शेजारच्या इंडोनेशियात मात्र १९६६ साली अशा शाळांना सरसकट टाळे लागले, हे वाचल्यापासून एक शंका आहे. या शाळा मुळात चीनच्या सरकारने काढल्या होत्या का? तसे नसेल, तर स्थानिक सरकारांना त्यांची एवढी धास्ती का वाटावी? जाणकारांनी कृपया लिहावे.

शिलालेख:
शाळा काढल्या त्या तिथल्या चिनी व्यापाऱ्यांनी, वर्गणी गोळा करून; सरकारे मागाहून आली. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, १९०० साली तिओंग होआ ह्वे कोआन ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने आधुनिक पद्धतीची शाळा सुरू केली. चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या ज्या चिंग घराण्याच्या दरबाराने देश सोडून जाणाऱ्यांवरील बंदी १८९३ पर्यंत कागदोपत्री कायम ठेवली होती, त्याच दरबाराला आता या सधन मंडळींचा पैसा आणि निष्ठा हवीशी वाटू लागली. त्याने शाळा तपासनीस पाठवले, १९०६ मध्ये परदेशस्थांच्या मुलांसाठी नानजिंगला जीनान ही शिक्षणसंस्था काढली आणि १९०९ च्या कायद्याने चिनी बापाचे मूल कुठेही जन्मले तरी चिनीच ठरवले. तोवर या मुलांच्या शिक्षणाकडे ढुंकूनही न पाहणारे, इंडोनेशियावर तेव्हा राज्य करणारे डच सरकार यामुळे खडबडून जागे झाले. १९०८ पासून त्याने चिनी मुलांसाठी डच माध्यमाच्या शाळा उघडल्या आणि १९१० मध्ये वसाहतीत जन्मलेल्या चिन्यांना डच प्रजाजन ठरवले. एकाच मुलावर दोन सरकारांनी हक्क सांगितला. माझ्या मते पुढच्या साऱ्या तंट्यांची बीजे इथेच आहेत.

मलाक्का:
मलायाची, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातील आजचा द्वीपकल्पीय मलेशिया आणि सिंगापूर या भागाची, वाट थोडी वेगळी आहे. १९१९ मध्ये चीनमधील विद्यार्थी आंदोलनाचे लोण सिंगापूरपर्यंत पोहोचले, जपानी मालावर बहिष्कार पुकारला गेला आणि लगेच १९२० साली इंग्रजांनी शाळा व शिक्षक यांची नोंदणी सक्तीची केली. नंतर अनुदानही देऊ केले, अर्थात तपासणीच्या अटीवर. शिक्षक आणि पाठ्यपुस्तके चीनमधून येत असल्यामुळे इंग्रजांचा संशय अगदीच निराधार नव्हता, हेही मान्य करायला हवे.

आपण म्हणता त्या ६० शाळांचे मूळ १९६१ च्या शिक्षण कायद्यात आहे. अनुदान हवे असेल तर माध्यमिक शाळांनी माध्यम बदलावे, अन्यथा स्वतःच्या बळावर चालावे, असा तो पेच होता. ज्यांनी अनुदान नाकारले, त्या आजच्या स्वतंत्र शाळा. चिनी प्राथमिक शाळा मात्र सरकारी व्यवस्थेतच राहिल्या. १९७५ पासून स्वतंत्र शाळा आपली सामाईक परीक्षाही घेतात.

शिलालेख:
इंडोनेशियाबद्दल एक भर घालतो. १९५५ मध्ये बांडुंग येथील आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेच्या वेळी चीनने दुहेरी नागरिकत्व संपवण्याचा करार केला खरा, परंतु त्याची अंमलबजावणी रखडली आणि ती होण्याआधीच इंडोनेशियाने आपल्या नागरिकांना चिनी शाळांत जाण्यास बंदी केली. तिथल्या शाळा बीजिंगवादी (कम्युनिस्ट चीनच्या बाजूच्या) आणि तैपेईवादी (तैवानमधील सरकारच्या बाजूच्या) अशा दोन गटांत विभागलेल्या होत्या. १९५८ मध्ये तैवानने इंडोनेशियातील बंडखोरांना मदत केल्यामुळे आधी तैपेईवादी शाळा बंद झाल्या, आणि १९६५ च्या फसलेल्या उठावानंतर झालेल्या उलथापालथीत कम्युनिस्टविरोधी लष्कराने उरलेल्यांनाही टाळे ठोकले.