‘डिक्लेअर’ आणि ‘डिफाइन’साठी मराठीत काय वापरता?

सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांना मायक्रोकंट्रोलरसाठी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. मुलांच्या घरी मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषा, पण समजावणं मराठीतच चालतं. कंपाइल करताना ‘पोर्टबी अनडिक्लेअर्ड’ आलं काय आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एलसीडी_इनिट’ आलं काय, मुलं दोन्हींना “सापडत नाही म्हणतंय, मॅडम” म्हणतात. दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी. पहिल्यात एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरची आयओ हेडर, म्हणजे पोर्टबीसारखी नावं देणारी फाइल, घ्यायची राहिलेली असते. दुसऱ्यात हेडर असते, पण एलसीडीची सी फाइल प्रोजेक्टमध्ये जोडलेली नसते. पुस्तकी शब्द ‘घोषणा’ आणि ‘व्याख्या’. तुम्ही काय म्हणता?

— मॅडम, ‘व्याख्या’ नकोच. व्याख्या म्हटलं की मुलं भूमितीच्या वहीत जातात. सीमध्ये डिफाइन करणं म्हणजे अर्थ सांगणं नव्हे. व्हेरिएबलला रॅममध्ये जागा देणं, फंक्शनची बॉडी लिहिणं. ‘घोषणा’ही मोर्चातली वाटते. मी ‘नोंद’ म्हणतो. अनडिक्लेअर्ड म्हणजे हजेरीपटावर नावच नाही, ही तक्रार कंपायलरची, म्हणजे एकेक सी फाइल मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामची. अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणजे नाव आहे पण मुलगा वर्गात नाही, ही तक्रार लिंकरची, म्हणजे त्या तयार फाइली एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामची. तक्रार कोणाची हे कळलं की निम्मं काम झालं.

— ‘नोंद’ आवडला. त्याची खरी परीक्षा ‘एक्स्टर्न’वर, म्हणजे ‘याची जागा दुसरीकडे आहे’ असं सांगणाऱ्या शब्दावर होते. टॉवेलच्या लूमवर आडवे धागे मोजणारा काउंटर घ्या. मोजणी इंटरप्टच्या (सिग्नल आला की लगेच चालणाऱ्या कोडच्या) फाइलमध्ये, डिस्प्ले मेनमध्ये, आणि हेडरमध्ये मुलानं लिहिलं ‘व्होलाटाइल अनसाइन्ड इंट धागे = ० ;’. दोन्ही फाइली ती हेडर घेतात, लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ धागे’ म्हणतो. मुलगा हेडरला इन्क्लूड गार्ड लावतो, एरर तशीच. गार्ड एकाच फाइलमध्ये हेडर दोनदा येऊ देत नाही, एवढंच. इथे दोन सी फाइली वेगवेगळ्या कंपाइल होतात आणि प्रत्येक जण ‘धागे’ला स्वतःची जागा देतो. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लावून, शून्य न देता, नुसती नोंद ठेवायची. जागा एकाच सी फाइलमध्ये द्यायची. नोंद कितीही वेळा चालते, जागा एकदाच. ‘घोषणा-व्याख्या’ जोडीतून हे मुलांना कधीच कळलं नसतं. म्हणून माझं मत : व्हेरिएबलला ‘नोंद’ आणि ‘जागा’, फंक्शनला ‘नोंद’ आणि ‘बॉडी’. एकच मराठी शब्द दोन्हीकडे ओढू नये.

— ‘इम्प्लिसिट डिक्लेरेशन’ राहिलं. ‘एलसीडी_इनिट’चं ‘एलसीडी_इंट’ टाइप झालं, तर जुना जीसीसी कंपायलर नोंद स्वतःच गृहीत धरतो, फंक्शन इंट परत करेल असं मानतो आणि नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो. मग लिंकर अडतो. स्पेलिंगची एकच चूक, पण वॉर्निंगमध्ये एक शब्द, एररमध्ये दुसरा. मुलं शेवटची तांबडी ओळ वाचून लायब्ररी शोधत बसतात. सी९९मध्ये, म्हणजे सीच्या १९९९च्या मानकात, ही सवलत काढली, तरी जीसीसीनं ती ठाम एरर केली थेट १४व्या आवृत्तीत, २०२४ साली. एव्हीआरची बरीच टूलचेन (कंपायलर-लिंकरचा संच) त्याहून जुनी आहे. मी याला ‘गृहीत नोंद’ म्हणतो, आणि मुलांना आउटपुट वरून खाली वाचायला लावतो.

— ‘गृहीत नोंद’ घेतला. सोमवारच्या प्रॅक्टिकलला फळ्यावर हेच शब्द लिहिते. ‘लिंकर’ मात्र लिंकरच ठेवणार; ‘दुवा जोडणारा’ म्हटलं की मुलं वेबसाइटची लिंक समजतात.